भिंतीवरची बुरशी आणि घरातली माणसे

प्रश्न : आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत जुन्या दगडी घराच्या तळमजल्यावर राहतो. यंदाच्या पावसात न्हाणीघराच्या भिंतीवर आणि कपाटामागे काळी-हिरवट बुरशी आली आहे. माळ्यावर पसरलेल्या कांद्यांवरही काळी भुकटी दिसते. शेजारच्या वहिनी म्हणतात, ही कोरोनानंतर आलेली तीच काळी बुरशी आहे, कांदे टाकून द्या आणि जमल्यास घर सोडा. घरात सासूबाईंना बरीच वर्षे मधुमेह आहे. गेल्या महिन्यात उपाशीपोटी साखर २६० होती. गुडघ्यांसाठी त्या एका ओळखीच्या माणसाकडून पुड्या घेतात. सासऱ्यांना तरुणपणी टीबी झाला होता, तो पूर्ण बरा झाला. आता दोन महिन्यांपासून त्यांना खोकला आहे, दोनदा थुंकीत रक्त दिसले, पण तपासणीत टीबीचे जंतू सापडले नाहीत. यजमानांचा कान सारखा खाजतो, ते रात्री कोमट तेल घालतात. मुलाच्या जांघेत गजकर्ण आहे. दुकानातून ट्यूब आणली की जाते आणि पुन्हा येते. मोहोळ तालुक्यात आमची थोडी शेती आहे, सुट्टीत सगळे तिकडे जातो. खबरदारी म्हणून सर्वांनीच बुरशीच्या गोळ्या घ्याव्यात का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : भगिनी, आपल्या पत्रात भिंतीविषयी आणि कांद्यांविषयी पुष्कळ आहे, आणि सासऱ्यांच्या थुंकीतल्या रक्ताविषयी अर्धे वाक्य. मी क्रम उलटा लावतो, कारण या घरात बुरशीचा खरा संशय घ्यायचा असेल तर तो आधी तिथे घ्यावा लागेल.

टीबी बरा झाला तरी फुप्फुसात त्याने केलेली पोकळी पुष्कळदा तशीच राहते. हवेतून आत जाणारे बुरशीचे बीजाणू निरोगी फुप्फुसातून साफ केले जातात. परंतु या जुन्या पोकळीत ना धड रक्तपुरवठा असतो ना सफाई, आणि म्हणून अॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी तिथे निवांत वाढते. तिच्या तंतूंचा, कफाचा आणि मृत पेशींचा मिळून एक गोळा तयार होतो. एक्स-रेमध्ये, आणि सीटी स्कॅनमध्ये त्याहून स्पष्ट, हा गोळा पोकळीत सुटा पडलेला दिसतो. रुग्णाने कूस बदलली तर तो जागा बदलतो, आणि त्याच्या वरच्या बाजूला हवेची चंद्रकोर उरते. काही रुग्णांत गोळा होत नाही, पण पोकळीच्या भिंती जाड होत जातात, वजन उतरते, खोकला हटत नाही, आणि अधूनमधून रक्त पडते. लक्षणे हुबेहूब टीबीची असल्यामुळे अशा रुग्णाला थुंकीत जंतू नसतानाही दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा टीबीचा कोर्स दिला जातो आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

सासऱ्यांना हेच झाले आहे, असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. टीबी उलटलेला असू शकतो, श्वासनलिका रुंदावलेल्या असू शकतात, आणि या वयात फुप्फुसाच्या कर्करोगाचाही विचार करावाच लागतो. म्हणूनच याच आठवड्यात त्यांना छातीरोगतज्ज्ञांकडे न्यावे. जुने एक्स-रे पेटीत कुठे असतील तर शोधून बरोबर घ्यावेत, कारण जुन्या आणि नव्या चित्रातला फरक डॉक्टरांना फार काही सांगतो. थुंकीची टीबीसाठी सीबीनॅट, म्हणजे यंत्रावर जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी, तपासणी झाली आहे की केवळ काचपट्टीवर पाहिले आहे, हे विचारावे. अॅस्परजिलसविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी, म्हणजे अॅस्परजिलस आयजीजी, करायची का, हेही आपण होऊन विचारायला हरकत नाही. निदान पक्के झाले तर इट्राकोनॅझोलसारखे औषध निदान सहा महिने तरी चालते, आणि एकच सुटा गोळा असून रुग्णाची ताकद चांगली असेल तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो. तोवर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : रक्ताची नुसती रेघ न येता खोकल्याबरोबर चमचा-दोन चमचे ताजे रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच सिव्हिल किंवा जवळचे मोठे इस्पितळ गाठावे.

आता मूळ शंकेकडे येतो. बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज शेकड्यांनी श्वासात घेतो, घराची भिंत कोरडीठाक असली तरी. अॅस्परजिलस फ्युमिगेटसचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तो थेट फुप्फुसाच्या वायुकोशापर्यंत पोहोचतो. बहुतेक बुरशींना माणसाच्या शरीराचे ३७ अंशांचे तापमान सोसत नाही, म्हणून त्या भिंतीवर, चामड्याच्या चपलेवर, शिळ्या भाकरीवर वाढतात आणि आपल्या वाट्याला जात नाहीत. ही मात्र खताच्या उकिरड्यात ५० अंशांपुढेही तग धरणारी आहे. आपले शरीर तिला गरम वाटत नाही. तरीही धडधाकट माणसाच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी तिला रुजू देत नाहीत. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या आहेत, अवयव बदलला आहे, दीर्घकाळ स्टेरॉइड चालू आहे, साखर बेफाम आहे किंवा फुप्फुसात जुनी जखम आहे, अशांनाच ती गाठते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये माणसाला घातक असलेल्या बुरशींची जी पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात अॅस्परजिलस फ्युमिगेटस आहे, ते या रुग्णांमुळे. दम्याच्या काही रुग्णांत हीच बुरशी शरीरात न शिरता नुसती तीव्र अॅलर्जी करते आणि दमा औषधांना दाद देईनासा होतो; आपल्या घरी दम्याचा उल्लेख नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

शेजारच्या वहिनी जिच्याविषयी बोलतात, तो म्युकरमायकोसिस. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले, तेव्हापासून काळी बुरशी म्हटले की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. तो आजार करणारी बुरशी मुख्यतः रायझोपस जातीची. ओल्या पावावर कापसासारखी पांढरी वाढ येते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके उमटतात, ती हीच. माती, शेणखत, सडकी फळे, सगळीकडे ती असते. माणसात ती शिरली की रक्तवाहिन्यांच्या आत वाढून त्या बंद करते. रक्त न मिळाल्याने तिथले मांस मरते आणि काळे पडते. काळा रंग त्या मेलेल्या मांसाचा आहे. म्हणून काळी दिसणारी प्रत्येक बुरशी म्युकर ठरत नाही. आपल्या कपाटामागे बहुधा क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अॅस्परजिलस यांची सरमिसळ असणार. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला लागतही नाही.

परंतु तो ज्यांना होतो, त्यांच्या वर्णनात सासूबाई नेमक्या बसतात, आणि दोष भिंतीचा नसून २६० साखरेचा आहे. रक्तात साखर आणि आम्लता वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि या बुरशीला लागणारे लोह मोकळे होते. त्यात गुडघ्यांच्या त्या पुड्या. बिनलेबलच्या आणि दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेले आढळणे ही काही नवलाची बाब राहिलेली नाही. साखर चढण्याचे कारणही कदाचित तेच असेल. तरी त्या पुड्या महिनोन्‌महिने चालू असतील तर आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती थंडावलेली असू शकते आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब ढासळून माणूस अत्यवस्थ होतो. उरलेली पुडी डॉक्टरांपुढे ठेवावी, किती दिवस घेतली ते खरे सांगावे, आणि ती कशी कमी करत न्यायची व साखर कशी आटोक्यात आणायची हे त्यांनीच ठरवावे. साखर आटोक्यात आली की या रोगाचा बहुतांश धोका तिथेच मिटतो.

दरम्यान सासूबाईंच्या बाबतीत घरातल्या प्रत्येकाने ओळखावीत अशी काही लक्षणे आहेत. नाक एकाच बाजूने चोंदणे, त्यातून रक्तमिश्रित किंवा काळपट स्राव येणे. एकाच गालावर दुखणे, सूज किंवा बधिरपणा. वरचे दात अचानक हलू लागणे. टाळूवर काळा डाग. डोळ्याची पापणी सुजणे, डोळा पुढे येणे किंवा एकाचे दोन दिसणे. यांतले एक जरी दिसले तरी सर्दी समजून वाफ घेत बसू नये; त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्यावे. या आजारात मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि शिरेतून अॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचे औषध देणे, दोन्ही लागते, आणि एकेका दिवसाच्या उशिराने काढायचा भाग वाढत जातो.

कांद्यांचा विषय लवकर संपण्यासारखा आहे. कांद्याच्या वरच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते ती अॅस्परजिलस नायजर या बुरशीची. उष्ण आणि दमट हवेत साठवलेल्या कांद्यावर ती येणारच, आणि आपल्या मार्केट यार्डात थंडीत एका दिवसाला जेवढा कांदा उतरतो तेवढ्यातून ती शोधायला चष्मा लागत नाही. २०२१ मध्ये कांद्यावरच्या या भुकटीतून म्युकर होतो असा निरोप भ्रमणध्वनीवर घरोघर फिरला. त्यात तथ्य नव्हते. वरच्या दोन पापुद्र्या काढाव्यात, कांदा आणि हात धुवावेत, आतून मऊ पडलेला किंवा वास येणारा टाकून द्यावा, बाकीचा खुशाल भाकरीबरोबर खावा. कांदे निवडण्याचे काम सासऱ्यांना मात्र देऊ नका. माळ्यावर बसून ती भुकटी झटकणे त्यांच्या छातीला मानवणारे नाही.

साठवणीच्या डब्यांत मला कांद्यापेक्षा शेंगदाण्यांची काळजी अधिक वाटते. चटणीसाठी आणलेल्या दाण्यांत आक्रसलेले, काळपट, हिरवट झाक असलेले किंवा चवीला कडू दाणे असतात, त्यांवर अॅस्परजिलस फ्लेव्हस वाढलेली असू शकते. ती तिथे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. हा संसर्ग नव्हे, विषबाधा आहे. पण ते विष दाणे भाजल्याने पुरते नष्ट होत नाही आणि वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने. सोलापुरी चटणी तिखटाने एवढी लाल असते की उखळात गेलेला खराब दाणा जिभेला कळत नाही. म्हणून दाणे भाजण्याआधी ताटात पसरून निवडावेत. खवट मालाची स्वस्त चटणी कितीही झणझणीत असली तरी घेऊ नये.

सर्वांनीच खबरदारी म्हणून गोळ्या घ्याव्यात का, याचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. बुरशीवरची औषधे ठरावीक बुरशीवरच चालतात. अॅस्परजिलसवर उत्तम ठरणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर निरुपयोगी आहे, आणि बाजारात सर्रास मिळणारे फ्लुकोनॅझोल या दोन्हींवर चालत नाही. शिवाय ती यकृताला त्रास देऊ शकतात आणि इतर औषधांशी भांडतात. इट्राकोनॅझोल आणि कोलेस्टेरॉलवरची सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी एकत्र घेतली तर स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येतो. सासूबाईंना मधुमेहाबरोबर कोलेस्टेरॉलचीही गोळी चालू असण्याची शक्यता बरीच आहे. हृदय कमकुवत असलेल्याला इट्राकोनॅझोल देताना डॉक्टरही दहादा विचार करतात. सासऱ्यांना उद्या पुन्हा टीबीचे औषध सुरू झाले, तर त्यातले रिफॅम्पिसिन इट्राकोनॅझोलचा अंमल जवळजवळ संपवते. अँटिबायोटिक तर बुरशीवर मुळीच चालत नाही.

यजमानांचा कान. तिथेही बहुधा कांद्यावरचीच अॅस्परजिलस नायजर सापडेल. कानाच्या नळीत अंधार असतो, ऊब असते, आणि रोजच्या तेलाने तिला ओलावा मिळतो. तेलाने कानातला संरक्षक मळही निघून जातो. तज्ज्ञ आत पाहतात तेव्हा भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढरट थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. तो थर सक्शनने काढल्याशिवाय थेंब आतवर पोहोचत नाहीत, म्हणून केवळ दुकानातले थेंब आणून भागत नाही. पडद्याला छिद्र आहे का हेही आधी पाहावे लागते. साफसफाईनंतर क्लोट्रिमॅझोलचे थेंब सांगितले तेवढे दिवस घालावेत, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नयेत. डोक्यावरून आंघोळ करताना व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा, आणि तेल, काडेपेटीची काडी, किल्ली, केसांची पिन, सगळे कानापासून दूर ठेवावे.

मुलाच्या गजकर्णाला आपण सगळ्यांत कमी महत्त्व दिले आहे, पण आपल्या घरात आज खात्रीने असलेला बुरशीचा संसर्ग तोच एक आहे. तो ट्रायकोफायटन कुळातल्या बुरशीचा. दुकानातली ती ट्यूब उलटी करून मागचा मजकूर वाचा. क्लोबेटॅसॉल, बीटामेथॅसोन किंवा बेक्लोमेथॅसोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, बुरशी मात्र आत पसरत राहते, कडा पुसट होऊन गजकर्णाचे रूपच बदलते, आणि जांघेतली कातडी पातळ पडून तिच्यावर कायमच्या रेषा उमटतात. अशा मलमांच्या बेसुमार वापराच्या काळातच भारतात ट्रायकोफायटन इंडोटिनी ही जात फोफावली. २०२० मध्ये तिला हे नाव मिळाले, आणि तिचे कित्येक नमुने टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ पोटॅश घालून खरवडीची तपासणी करतील, मग औषध ठरेल. ते कित्येक आठवडे चालेल आणि डाग गेल्यानंतरही काही दिवस चालू ठेवावे लागेल. घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर त्यालाही त्याच वेळी उपचार हवा, नाहीतर तो घरातल्या घरात फिरत राहतो. आणि टॉवेल! जे गाव साऱ्या देशाला टॉवेल पुरवते, त्या गावातल्या घरात चौघांनी एका टॉवेलला अंग पुसावे, हे काही बरोबर नाही. प्रत्येकाचा वेगळा ठेवा. मुलाचे कपडे आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जाड जीन्स घरी घालू देऊ नका.

शेतीचा उल्लेख आपण सहज केला आहे, तरी त्याविषयी लिहिणे मला भाग आहे. उसाचे पाचट, ज्वारीचे कूस किंवा कडब्याचे टोक डोळ्याला लागून बुबुळावर बारीक ओरखडा उठला, तर त्यातून फ्युजॅरियम किंवा अॅस्परजिलस आत जाते. पहिले दोन-चार दिवस नुसते खुपते, पाणी येते. पुढे बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो आणि नजर धूसर होते. या काळात कोणीतरी दुकानातून लाल डोळ्याचे म्हणून थेंब आणते. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीला रान मोकळे मिळते आणि डोळा गमावण्याची वेळ येते. अशा डोळ्यात एरंडेल, मध, दूध यांतले काही घालू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि पाचट लागल्याचे आवर्जून सांगावे. या बुरशीवर नॅटामायसिनचे थेंब आहेत, पण ते दिवसा तासा-तासाला घालावे लागतात आणि लवकर सुरू झाले तरच डाग लहान राहतो. ऊसतोडीच्या वा काढणीच्या दिवसांत मुलांनी रानात साधा चष्मा लावला तरी पुष्कळ काम होते. पायात जोडाही हवा : अनवाणी पायात काटा मोडून काही बुरशी आत रुजतात, पाऊल वर्षानुवर्षे न दुखता सुजत जाते आणि त्याला छिद्रे पडून काळे कण बाहेर येतात.

राहता राहिली भिंत. घर सोडण्याची काही गरज दिसत नाही. मात्र ती साफ करण्याचे काम सासू-सासऱ्यांकडे नको, आणि साफसफाई चालू असताना ते दोघे त्या खोलीत नसावेत. नाका-तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे घालून, भिंत आधी ओली करून, साबणाच्या पाण्याने घासावी. कोरड्या केरसुणीने झटकली तर बीजाणू घरभर होतात. ब्लीच वापरायचेच असेल तर खिडक्या उघड्या ठेवून, पाणी घालून वापरा, आणि न्हाणीघरातले अॅसिड त्यात चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बुरशी आलेली गादी धुऊन निघत नाही, ती टाकलेली बरी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा, पावसाळ्यात ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, आणि भिंत पुरती वाळण्याआधी वरून रंगाचा हात मारू नका. चार महिन्यांत त्याचे पोपडे निघून खालची बुरशी पुन्हा दिसेल. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीला मागाहून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. तसे असेल तर गवंड्याकडून तेवढा भाग खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करून घ्यावा. आपल्याकडे पाऊस मुळात बेताचा. तेव्हा मार्च-एप्रिलच्या उन्हातही ती भिंत हाताला गार आणि ओलसर लागली, तर ते पावसाचे पाणी नव्हे. न्हाणीघराचा किंवा वरच्या मजल्यावरचा नळ भिंतीत कुठेतरी गळतो आहे असे समजावे आणि रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवावे.